खरखर आधीं शोधावी, मग दाबावी

अचलपूर नागपूरपासून दीडशें किलोमीटरांहून दूर, तर मुंबईपासून पांचशेंहून दूर. मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं व नागपूरचें १९४८ सालीं सुरू झालें. परंतु दूरचें ऐकूं पाहणाऱ्या वऱ्हाडांतील श्रोत्यास अंतरापेक्षां खरखरीनेंच अधिक छळलें आहे. आजहि ज्या घरचा तरुण परवाना मिळवून हौशी बिनतारी संच चालवितो, किंवा २७ मेगाहर्ट्झच्या नागरिक पट्ट्यावर बोलतो, तेथें हीच तक्रार असते.

अशा वेळीं बहुतेक मंडळी आवाजाची कळ पिळतात. त्यानें शब्द व खरखर दोन्ही सारखींच वाढतात. भर बाजारांत ओरडून सांगितलेलें कळत नाहीं, पण देवघरांतील पुटपुटणें कळतें. कारण ऐकूं येणें हें शब्द आणि गोंगाट यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतें.

यास्तव पहिला प्रश्न हा कीं, खरखर येते कोठून? उत्तर मिळविण्यास पैसा लागत नाहीं. संच चालू ठेवून एरियलची तार काढावी. खरखर तशीच राहिली, तर दोष संचांत किंवा त्याच्या वीजपुरवठ्यांत समजावा. एकदम कमी झाली, तर ती बाहेरून येत आहे. मग संच बॅटरीवर लावावा, तार पुन्हा जोडावी आणि घरांतील वडील मंडळींस आधीं सांगून मुख्य बटण बंद करावें. खरखर थांबली, तर ती आपल्याच घरची! एकेक खोलीचा प्रवाह परत सुरू करीत गेल्यास अपराधी सांपडतो. तो बहुधा स्वस्त एलईडी दिवा, मोबाईलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर असतो. कारण हीं उपकरणें प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडतात व जोडतात. एकत्र कुटुंबांत खोल्या अधिक, तितके असे अपराधीहि अधिक. सदोष वस्तु बदलावी, तिच्या तारेचे चार-सहा वेढे फेराइटच्या कड्यांतून घ्यावे आणि एरियल घरच्या वीजतारांपासून शक्य तितकें दूर न्यावें.

मुख्य बटण बंद करूनहि खरखर राहिली, तर बाहेर पाहावें. कोरड्या दिवसांत तडतडणारी आणि पाऊस पडतांच शांत होणारी खरखर बहुधा विजेच्या खांबावरील सैल जोडाची किंवा तडकलेल्या चिनी मातीच्या खुंटीची असते. ती वीज कंपनीस कळवावी. खांबाला स्वतः हात लावूं नये. ज्येष्ठांत मेळघाटावर ढग जमले कीं होणाऱ्या कडकडाटास मात्र उपाय नाहीं. तेव्हां एरियल काढून ठेवणेंच शहाणपणाचें. एवढें करूनहि एक बारीक फुसफुस उरते. कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्यानें ती आकाशगंगेकडून येते असें १९३३ सालीं जाहीर केलें. तिच्याशीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

इतका शोध झाल्यावर कळांकडे वळावें. ग्रहणशक्तीची कळ, म्हणजे आर. एफ. गेन, खरखर जेमतेम ऐकूं येईल इतकी उतरवावी. त्यानें जवळच्या जोरकस केंद्रांनीं संच गुदमरत नाहीं. पट्ट्याची रुंदी गरजेपुरतीच ठेवावी: सहा किलोहर्ट्झची तीन केली कीं खरखरीची शक्ति निम्मी होते, मोर्सकरितां पांचशें हर्ट्झ पुरतात, म्हणजे तिनाच्याहि एक-षष्ठांश. नॉइज ब्लँकर मोटारीच्या ठिणगीसारख्या तुटक ठोक्यांवरच चालतो. स्क्वेल्च खरखर कमी करीत नाहीं, केवळ झांकतो; फार घट्ट केल्यास दुर्बळ हाकहि तिच्याबरोबर झांकली जाते.

आणि हौशी संचाचें मोल त्या दुर्बळ हाकेंतच आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमानचे दूरध्वनि बंद पडले, तेव्हां योगायोगानें पोर्ट ब्लेअर येथें गेलेल्या हौशी मंडळींनींच आप्तांचे निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. तसा प्रसंग कोणावरहि न येवो. पण आला, तर हाक आपल्याच घरच्या दिव्याच्या खरखरींत बुडूं नये, एवढी तजवीज आज करणें आपल्या हातीं आहे.