'हॉटेल रवांडा' बघून आपण रडतो, पण पुढे काय?

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या फिल्म क्लबनं 'हॉटेल रवांडा' दाखवला होता. सिनेमा संपला, लाईट लागले, तरी कुणी उठेना. शेवटी शेजारची मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "आपण किती नशीबवान आहोत ना!" सगळ्यांनी माना हलवल्या. दहा मिनिटांनी आम्ही कँटीनमध्ये चहा-वडापाव खात होतो.

नंतर लक्षात आलं की सिनेमात एक परदेशी पत्रकार नेमकं हेच सांगतो. हत्याकांडाची दृश्यं टीव्हीवर दिसली की लोक हळहळतील आणि पुन्हा जेवायला लागतील, असं त्याचं म्हणणं असतं.

मग असे सिनेमे बघून खरंच काही बदलतं का? याचं उत्तर 'हॉटेल रवांडा'च्याच गोष्टीत आहे.

सिनेमा कशाबद्दल आहे?

१९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या सुमारे १०० दिवसांत रवांडामध्ये अंदाजे ८ लाख लोक मारले गेले. त्यातले बहुसंख्य तुत्सी समाजाचे होते. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक तिथे होते, पण त्यांची संख्या वाढवण्याऐवजी कमी करण्यात आली.

दहा वर्षांनी, २००४ मध्ये, टेरी जॉर्ज या दिग्दर्शकानं यावर सिनेमा केला. किगाली शहरातल्या एका हॉटेलात हजाराहून जास्त लोकांना आसरा देणाऱ्या मॅनेजरची, पॉल रुसेसाबागिना यांची भूमिका डॉन चीडल यानं केली.

त्याच वेळी दार्फुर पेटलं होतं

हा सिनेमा आला तेव्हा सुदानच्या दार्फुर भागात 'जंजावीद' या सशस्त्र टोळ्या गावंच्या गावं जाळत होत्या. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी याला उघडपणे 'वंशसंहार' म्हटलं.

म्हणजे पडद्यावर 'तेव्हा जग गप्प बसलं' ही गोष्ट चालू होती आणि बाहेर तसंच काहीतरी पुन्हा घडत होतं. चीडल २००५ मध्ये दार्फुरच्या निर्वासितांना भेटून आला आणि त्यांच्यासाठी बोलू लागला.

पण चळवळ एकट्या सिनेमानं उभी केली नाही. जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'स्टँड' हा गट २००४ मध्येच, सिनेमा यायच्या आधी, सुरू केला होता. सिनेमा बघून अस्वस्थ झालेल्या मुलांना जायला एक जागा तयार होती.

या मुलांकडे एक नेमका प्रश्नही होता: आमच्या विद्यापीठाचा पैसा सुदानमध्ये तेल काढणाऱ्या कंपन्यांत गुंतवलाय का?

एप्रिल २००५ मध्ये हार्वर्डनं पेट्रोचायना कंपनीतली गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय घेतला. २००६ मध्ये येल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठानं अशीच पावलं उचलली. २००७ च्या शेवटी तर राज्यांना सुदानशी संबंधित गुंतवणूक काढून घेण्याची मुभा देणारा कायदाच अमेरिकेत झाला.

मग दार्फुर वाचलं का?

नाही. २००८ पर्यंत दार्फुरमध्ये सुमारे ३ लाख लोकांचा जीव गेला असावा, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. पुढे बातम्या कमी झाल्या आणि आंदोलनंही.

पण सगळं वाया गेलं असंही नाही. सुरक्षा परिषदेनं मार्च २००५ मध्ये दार्फुरचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवलं होतं. २० वर्षांनी, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, या न्यायालयानं जंजावीदचा एक म्होरक्या अली कुशायब याला दोषी ठरवलं. दार्फुर प्रकरणात या न्यायालयात पहिल्यांदाच कुणी दोषी ठरलं.

आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरला, दार्फुरमधलं अल-फाशेर शहर 'आरएसएफ' या निमलष्करी दलाच्या हाती पडलं. जंजावीद टोळ्यांमधूनच हे दल उभं राहिलं आहे. त्यांच्याच लोकांनी हत्यांचे व्हिडिओ काढले आणि ते आपल्या फोनपर्यंत आले.

आता तर सगळं दिसतंय, तरी शांतता का?

मला वाटतं, याची दोन कारणं आहेत.

पहिलं, रील अगदी छोटं असतं. त्यातल्या माणसाचं नाव आपल्याला कळत नाही, आणि अंगठा सरकतो. सिनेमा आपल्याला दोन तास एका कुटुंबासोबत बसवतो, म्हणून तो आत शिरतो.

दुसरं कारण 'आपण नशीबवान' या वाक्यात आहे. ही भावना खोटी नाही. डोक्यावर छप्पर आहे, घरचे सुखरूप आहेत, याची जाणीव होणं चांगलंच. पण त्या वाक्यानं आपल्याला हलकं वाटतं आणि विषय तिथेच मिटतो. समोरच्याचं दुःख आपल्या सुखाचं माप होऊन बसतं.

एक सावधगिरीही हवी

सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे. रुसेसाबागिना यांना पडद्यावर जसं दाखवलंय तसं ते नव्हते, असं त्या हॉटेलातून वाचलेल्या काही जणांनी म्हटलं. २०२१ मध्ये रवांडातल्या न्यायालयानं त्यांना दहशतवादाच्या आरोपांखाली २५ वर्षांची शिक्षा दिली. मानवी हक्क संघटनांनी तो खटलाच अन्याय्य असल्याचं म्हटलं आणि २०२३ मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणजे डोळे पुसून झाल्यावर वाचनही करावं लागतं.

मग आपण काय करायचं?

२००५ च्या मुलांकडून घेण्यासारखं एकच आहे: रडून झाल्यावर आपल्याशी जोडलेला एक धागा शोधायचा.

आपल्यासाठी तो धागा सोन्याचा असू शकतो. सुदानच्या युद्धाला सोन्याच्या पैशाचं बळ आहे आणि तिथलं बहुतांश सोनं संयुक्त अरब अमिरातीत जातं. आरएसएफला अमिरातीकडून शस्त्रं मिळतात, असा आरोप आहे. अमिरातीनं तो फेटाळलाय. दुबईहून आणलेल्या सोन्याचं कौतुक मात्र आपल्याकडे घरोघरी आहे.

आपल्या घरातलं सोनं सुदानचंच आहे, असा याचा अर्थ नाही. पण सराफाच्या दुकानात आपण घडणावळ विचारतो, हॉलमार्क बघतो. हे सोनं मुळात कुठल्या खाणीतून आलं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

त्या दिवशी कँटीनमध्ये आमच्यापैकी कुणीच असा प्रश्न विचारला नव्हता. पुढच्या वेळी दागिना घ्यायला जाल तेव्हा तुम्ही विचारून बघा.