टँकर समुद्रात, लोकेशन जमिनीवर

कॅब बुक केल्यावर मॅपवरचा ठिपका भलत्याच गल्लीत दिसला, की आपण ड्रायव्हरला फोन लावतो. तेलाच्या टँकरचा ठिपका भरकटला तर?

जून 2025 मध्ये इराण-इस्रायल युद्धाच्या दिवसांत होर्मुझजवळ शेकडो जहाजांचं जीपीएस गडबडत होतं. 17 जूनला ओमानच्या आखातात ‘फ्रंट ईगल’ आणि ‘ॲडलिन’ हे टँकर एकमेकांना धडकले. ‘ॲडलिन’वरच्या 24 जणांना यूएईच्या तटरक्षक दलाने बाहेर काढलं. ‘फ्रंट ईगल’मध्ये सुमारे 20 लाख बॅरल इराकी तेल होतं आणि दोनच दिवसांपूर्वी तो ट्रॅकिंगवर चक्क इराणच्या जमिनीवर दिसला होता! यूएईने मात्र जहाज चालवण्यातल्या चुकीच्या अंदाजाकडे बोट दाखवलं. मला वाटतं, दोन्ही खरं असू शकतं.

कारण एआयएस नावाची यंत्रणा जीपीएसने दिलेली जागाच रेडिओवरून आसपासच्या जहाजांना कळवते. ती बरोबर आहे का, हे ती तपासत नाही. आम्ही युजरचा साधा फोन नंबरही तपासल्याशिवाय घेत नाही (निदान घेऊ नये)!

रडारला जीपीएस लागत नाही, समोरच्या जहाजाचं अंतर आणि दिशा ते स्वतः मोजतं. पण स्क्रीनवर आयता ठिपका असताना रडार आणि दुर्बिणीकडे किती वेळा बघितलं जातं? वेग कमी ठेवला तर सावरायला वेळ मिळतो, इंधनही वाचतं. फक्त प्रवासाचे दिवस वाढतात, आणि टँकरचं भाडं बरेचदा दिवसांवर मोजतात.