विश्लेषण : खलनायकासाठी जीव का हळहळतो? नेसरीची खिंड, कर्ण आणि ‘सामना’तला हिंदुराव काय सांगतात?

सिनेमा संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक घरी जाताना नायकाबद्दल कमी, खलनायकाबद्दलच जास्त बोलतात. ‘माणूस वाईट नव्हता हो, पण...’ असं कुणीतरी म्हणतंच. या ‘पण’नंतर जे येतं, त्यातच अशा पात्रांचं बळ असतं. एके काळी चांगला, कर्तबगार, लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला माणूस पुढे खलनायक होतो आणि तरीही त्याच्यासाठी जीव हळहळतो. असं का होतं? प्रत्येक खलनायकाबाबत ते का होत नाही? आणि ही हळहळ कुठे थांबायला हवी? याची उत्तरं शोधायला हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. गडहिंग्लज आणि आजऱ्याच्या परिसरातच त्यांची सुरुवात सापडते.

‘वाट चुकलेला नायक’ म्हणजे नेमका कोण?

खलनायकांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला पडद्यावर येतो तोच वाईट म्हणून. तो जमीन बळकावतो, दारू पितो, मिशीला पीळ देतो आणि शेवटी मार खातो. त्याचं पुढे काय होणार, हे पहिल्याच प्रसंगात कळतं.

दुसरा प्रकार वाट चुकलेल्या नायकाचा. तो सुरुवातीला खरोखर मोठा असतो. त्याच्याकडे गुण असतो, ध्येय असतं, लोकांचा विश्वास असतो. मग एक चूक होते. ती बऱ्याचदा त्याच्या दुर्गुणातून होत नाही, गुणातूनच होते. स्वाभिमानाचा अहंकार होतो, निष्ठेचं आंधळेपण होतं, प्रेमाची जागा गमावण्याची भीती घेते. ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं. पूर्ण सज्जनाचा नाश पाहून धक्का बसतो, पूर्ण दुष्टाचा नाश पाहून समाधान वाटतं. करुणा आणि भीती या दोन्ही भावना एकदम जाग्या होतात त्या मधल्या माणसाचा नाश पाहताना, कारण तो आपल्यासारखा असतो.

नेसरीच्या खिंडीचा इथे काय संबंध?

गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीजवळ सरनोबत प्रतापराव गुजर यांचं स्मारक आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे सात वीरांची ही कथा घराघरांत पोहोचली. प्रतापराव खलनायक नव्हेत, ते वीरच. पण चूक झाल्यानंतर माणसासमोर कोणत्या वाटा असतात, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

प्रतापराव हे शिवाजी महाराजांचे सेनापती. 1672 मधल्या साल्हेरच्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. 1673 मध्ये उमराणीजवळ त्यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडलं, त्याच्या फौजेचं पाणी तोडलं. खान शरण आला, तेव्हा प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. शरण आलेल्याला अभय देण्याचा हा मोठेपणा होता, पण तीच चूक ठरली. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. त्याला मारल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा आशयाचं पत्र महाराजांनी पाठवलं, असं सांगितलं जातं. 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव अवघ्या सहा स्वारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण धारातीर्थी पडले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी झालेला राज्याभिषेक सोहळा त्यांना पाहता आला नाही.

लष्करीदृष्ट्या तो निर्णय योग्य होता का, यावर वाद होऊ शकतो. पण प्रतापरावांनी चूक दुसऱ्या कुणाच्या माथी मारली नाही, तिची किंमत स्वतः मोजली. समजा, याच ठिकाणी त्यांनी ती झाकायचं ठरवलं असतं, पत्र लपवलं असतं, साक्षीदारांची तोंडं बंद केली असती, तर? तिथून खलनायकाची कथा सुरू झाली असती. वीर आणि वाट चुकलेला नायक यांच्यात फरक पडतो तो चुकीनंतर उचललेल्या पहिल्या पावलामुळे.

मराठी वाचकाचा असा सर्वात लाडका नायक कोणता?

निःसंशय कर्ण. आणि तो घराघरांत पोहोचवणारा लेखकही शेजारच्याच तालुक्यातला. शिवाजी सावंत यांचा जन्म आजऱ्याचा. 1967 मध्ये त्यांची ‘मृत्युंजय’ कादंबरी आली आणि मराठी वाचकांच्या अनेक पिढ्या कर्णाच्या बाजूने उभ्या राहिल्या. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ही कथा येते. एकाच माणसाकडे सहा खिडक्यांतून पाहिल्यावर त्याला एका शब्दात वाईट म्हणणं अवघड होतं.

कर्णाचं दुःख खरं आहे. जन्मताच सोडून दिलेला, गुण असून जातीवरून हिणवलेला, दिलेला शब्द जिवापेक्षा जपणारा. पण महाभारत इथेच थांबत नाही. भरसभेत द्रौपदीची विटंबना होते, तेव्हा कर्ण तिचा अपमान करणाऱ्यांतला एक असतो. पुढे युद्धाआधी कृष्ण त्याला त्याच्या जन्माचं सत्य सांगतो, पांडवांचा थोरला भाऊ म्हणून राज्य देऊ करतो. म्हणजे कर्णासमोर परतीची वाट उघडी असते. तो मैत्रीसाठी ती नाकारतो. त्याची निष्ठा मोठी आहे आणि ती ज्याच्या पायाशी वाहिली तो माणूस चुकीचा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळेच कर्ण मनातून जात नाही.

मराठी पडद्यावर हे कसं उतरलं?

कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेली ‘प्रभात’ कंपनी पुण्याला गेली आणि 1934 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘अमृतमंथन’ आला. त्यातला राजगुरू राजाच्या हत्येचा कट रचतो. पण त्याला सिंहासन नको असतं. राजाने बळी देण्याची प्रथा बंद केली, आता धर्म बुडणार, अशी त्याची ठाम समजूत असते. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी ही भूमिका केली. शेवटी राजगुरू देवीपुढे स्वतःचंच शिर अर्पण करतो. लोभी खलनायकाला पैसे देऊन वळवता येतं. ज्याची स्वतःवर पक्की श्रद्धा आहे, त्याला वळवणार कसं? म्हणून तो अधिक भीतिदायक असतो.

1972 च्या ‘पिंजरा’त ही घसरण आणखी जवळून दिसते. डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले गुरुजी हे गावाचा आदर्श. तमाशाला गावात थारा नाही, हा त्यांचा बाणा. तेच पुढे तमाशातल्या नर्तकीच्या मोहात अडकतात. मूळ कल्पना 1930 च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची, पण शेवट अस्सल मराठी मातीतला. गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला, गाव त्यांचा पुतळा उभारतं आणि जिवंत गुरुजींवरच त्या खुनाचा आळ येतो. आपला पुतळा शाबूत राहावा म्हणून ते फाशी स्वीकारतात. इथे खलनायक आणि नायक एकाच अंगरख्यात आहेत.

मग ‘सामना’तला हिंदुराव वेगळा का?

कारण हिंदुराव धोंडे पाटील उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाला ओळखीचा वाटतो. विजय तेंडुलकरांची लेखणी, डॉ. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन आणि निळू फुले यांचा अभिनय. हा चित्रपट 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला. निळू फुले म्हटलं की खेड्यातला पाताळयंत्री पाटील डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेल्या या कलावंताने हिंदुरावला त्या ठोकळ्यात बसू दिलं नाही.

हिंदुरावने साखर कारखाना काढला, भाग सुधारला, माणसांना कामं दिली. तो आल्या-गेल्याला जेवू घालतो. गावात आलेल्या एका दारुड्या, फाटक्या मास्तरला तो कुतूहलाने घरी ठेवून घेतो. हा मास्तर, म्हणजे पुन्हा डॉ. लागू, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. एक वाट चुकलेला माणूस दुसऱ्या वाट चुकलेल्या माणसासमोर बसतो, अशी ही जुगलबंदी आहे. आणि दोघांच्या मध्ये एक नाव सारखं येत राहतं, ते म्हणजे मारुती कांबळे. गोरगरिबांच्या बाजूने बोलणारा आणि एक दिवस नाहीसा झालेला माणूस.

हिंदुरावचं कर्तृत्व चित्रपट नाकारत नाही. कारखान्याचा धूर खरा आहे, लोकांच्या घरात शिजणारं अन्न खरं आहे. पण हे सगळं एका माणसाच्या जिवाच्या बदल्यात चालेल का, हा प्रश्न मास्तर सोडत नाही. अखेर हिंदुरावला कायद्यासमोर जावं लागतं. ज्या भागात कारखाना, दूध संघ आणि बँक यांच्याभोवती गावाचं आयुष्य फिरतं, तिथे हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही जुना होत नाही. मोठी कामं करणाऱ्या माणसाला हिशेब विचारायचा की नाही, हा प्रश्न पडद्यावरचा राहत नाही.

‘कट्यार’मधल्या खाँसाहेबांचं काय?

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक 1967 चं, सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट 2015 चा. रंगमंचावर पं. वसंतराव देशपांडे आणि पडद्यावर सचिन पिळगावकर यांनी खाँसाहेब साकारले. खाँसाहेब थोर गवई, पण चित्रपटात वर्षानुवर्षं पंडितजींच्या मागे दुसरे. पंडितजींचा आवाज कपटाने जातो. ते कपट खाँसाहेबांनी रचलेलं नसतं, पण त्यातून आलेलं राजगायकपद ते सोडत नाहीत. घसरण सुरू होते ती इथे.

राजगायकाला मिळणाऱ्या कट्यारीबरोबर एक खून माफ असतो. गुन्हा करण्याआधीच हातात आलेली माफी माणसाचं काय करते, हे त्या एका वस्तूतून कळतं.

नुसता दुःखद भूतकाळ पुरेसा का नाही?

अलीकडे खलनायकाला बालपणीचं एखादं दुःख जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. बाप मारायचा, आई गेली, गावाने वाळीत टाकलं. पाच मिनिटांचा फ्लॅशबॅक झाला की प्रेक्षकाने हळहळावं, ही अपेक्षा. पण तेवढ्याने दया येते, शोकांतिका होत नाही. परिस्थितीने ढकललेला माणूस बळी ठरतो. शोकांतिकेसाठी त्याच्यासमोर दुसरी वाट असावी लागते आणि ती त्याने जाणूनबुजून सोडावी लागते.

जगभर गाजलेली पात्रं हेच सांगतात. ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर 1977 मध्ये काळ्या मुखवट्यातला क्रूर खलनायक म्हणून आला. 2005 च्या चित्रपटात त्याच्या घसरणीची कथा पूर्ण झाली. पत्नीला गमावण्याच्या भीतीने तो अंधाऱ्या बाजूला जातो आणि लहान मुलांच्या हत्येपर्यंत पोहोचतो. 1972 च्या ‘द गॉडफादर’मधला मायकेल युद्धातून परतलेला वीर, घरच्या धंद्यापासून लांब राहणारा. वडिलांना वाचवण्यासाठी पहिलं पाऊल टाकतो. 1974 च्या दुसऱ्या भागात तो सख्ख्या भावाच्या हत्येचा हुकूम देतो. ‘कुटुंबासाठी’ सुरू झालेली वाट कुटुंबाच्या नाशापाशी संपते.

थोडक्यात, असं पात्र कशामुळे घडतं?

• खरा मोठेपणा : आधीचा चांगुलपणा संवादात सांगून भागत नाही, तो दिसावा लागतो.

• गुणातून जन्मलेली चूक : निष्ठा, स्वाभिमान, प्रेम यांपैकीच काहीतरी त्याला बुडवतं.

• परतीची उघडी वाट : ती त्याला दिसते आणि तो ती सोडतो.

• ज्याचं नुकसान झालं तो माणूस : द्रौपदी, मारुती कांबळे, पंडितजी. यांना कथेतून काढलं, की उरतो तो फक्त रुबाब.

हळहळ कुठे थांबावी?

यातला चौथा मुद्दा आज सर्वात आधी गळतो. मोबाइलवर तीस सेकंदांची रील येते. खलनायकाची एन्ट्री, गाडीचा ताफा, एक टाळीचा संवाद, मागे ढोल. तेवढाच तुकडा स्टेटसला लागतो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचा चेहरा त्या तुकड्यात नसतो. शेवटचा एकटेपणा आणि पश्चात्तापही नसतो. अडीच तासांची शोकांतिका अर्ध्या मिनिटात जाहिरात होते.

‘वास्तव’ (1999) हे याचं ठळक उदाहरण. पावभाजीच्या गाडीवरून सुरू झालेली रघूची कथा स्वतःच्या आईच्या हातून गोळी खाऊन संपते. पण अनेकांच्या लक्षात राहिली ती त्याच्या गळ्यातली सोन्याची साखळी.

वाईट माणसाचं दुःख समजून घेणं ही कलेची ताकद आहे, तिच्यावर बंधन नको. मात्र समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. हिंदुरावसाठी हळहळ वाटली तर त्यात काही गैर नाही. पण त्याच वेळी मारुती कांबळेचं नाव विसरलं जात असेल, तर चित्रपट अर्धाच पाहिला असं म्हणावं लागेल. प्रतापरावांना चुकीची जाणीव झाली तेव्हा त्यांनी घोडा खिंडीकडे वळवला. पडद्यावरच्या वाट चुकलेल्या नायकालाही अशी खिंड एकदा तरी दिसलेली असते. तो घोडा दुसरीकडे वळवतो, तो क्षण नीट पाहायला हवा.