दोन मार्स हिल आणि एक यादी

एक मार्स हिल चर्च मिशिगनमध्ये, दुसरं सिएटलमध्ये. अथेन्सच्या ज्या टेकडीवर प्रेषित पौल बोलला तिचं नाव दोघांनी घेतलं. बाकी एकमेकांशी संबंध नाही. मिशिगनच्या रॉब बेलने 1999 साली चर्च काढलं आणि पुढे ते एका जुन्या मॉलमध्ये हलवलं. मधोमध व्यासपीठ, चारी बाजूंना खुर्च्या, आणि पाळकालाच शंका विचारायची मुभा. सिएटलचा मार्क ड्रिस्कॉल जीन्स घालून धर्मसुधारक कॅल्व्हिनची शिकवण सांगायचा, तोही दरडावून. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल सुधारणेच्या या दोन वाटा: एक 'इमर्जिंग चर्च', दुसरी 'न्यू कॅल्व्हिनिझम'. गंमत म्हणजे ड्रिस्कॉल आधी पहिल्याच गोटात होता.

मला बेल आवडायचा. संजीवन सभांत हात वर करून साक्ष देणाऱ्यांमध्ये मी वाढलो. तिथे शंका म्हणजे सैतानाचं काम. 2011 साली 'लव्ह विन्स' या पुस्तकात बेलने विचारलं, नरक खरंच कायमचा असतो का? पुस्तक बाजारात यायच्या आतच न्यू कॅल्व्हिनिझमच्या गोटातले पाळक जॉन पायपर यांनी ट्विटरवर तीन शब्दांत त्याला निरोप देऊन टाकला. एवढी घाई कशाची? पण बेलही लवकरच चर्च सोडून कॅलिफोर्नियाला गेला. ड्रिस्कॉलवर त्याच्याच सहकाऱ्यांनी दडपशाहीचे आरोप केले. 2014च्या ऑक्टोबरमध्ये त्याने राजीनामा दिला आणि वर्ष सरता सरता अनेक शाखांचं ते चर्च संस्था म्हणून बंद झालं.

शिकवण उलटसुलट, दुखणं मात्र एकच: सगळा डोलारा एका माणसाच्या माइकवर. आपल्याकडेही हे झालं आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशन सोडून 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. त्या धाडसाचा मला आजही अभिमान वाटतो. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबाराला ते बळ राहिलं नाही.

म्हणून माझा भरवसा आता व्यासपीठावरच्यांपेक्षा अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या चर्चसंघातल्या पीडित महिलांवर जास्त आहे. त्यांच्याकडे बँड नाही, पुस्तकांचा खप नाही. पाळकांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल त्या वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिल्या. 2022च्या मे महिन्यात चौकशी अहवाल आला, तेव्हा कळलं की संघाच्या मुख्य कचेरीतला एक कर्मचारी सातशेहून अधिक आरोपींची यादी गुपचूप ठेवत होता. वरून उत्तर काय, तर प्रत्येक चर्च स्वायत्त आहे, आम्ही काय करणार! हीच मंडळी बाईला पाळक केलं म्हणून 2023 साली सॅडलबॅक चर्चला संघाबाहेर काढतात, तेव्हा स्वायत्तता आड येत नाही.

पीडितांची मागणी साधी होती: दोषी पाळकांची नावं सगळ्यांना पाहता येतील अशी नोंद करा, म्हणजे एका गावातून हाकललेला दुसऱ्या गावात उपासना चालवणार नाही. जून 2022मध्ये संघाच्या अनाहाइमच्या अधिवेशनाने ती मान्य केली. फेब्रुवारी 2025मध्ये पदाधिकाऱ्यांनी सांगितलं की ती नोंद हे सध्याचं प्राधान्य नाही. तोवर तिच्यात एकही नाव प्रसिद्ध झालं नव्हतं.