‘मस्करी केली’ की ‘छळ केला’?

सहावीच्या वर्गात मी ‘छळ’ या शब्दाचा अर्थ विचारला. बाळापुरात मुलांच्या कानावर हिंदी-उर्दू सतत पडते, त्यामुळे उत्तर आले, “सर, धोका देणे.” चूक म्हणता येत नाही. संस्कृतात आणि हिंदीत ‘छल’ म्हणजे कपटच. मराठीत मात्र हा शब्द दुसरीकडे वळला : एखाद्याला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा त्रास देणे.

यातलं ‘जाणूनबुजून’ कुठे दडलंय ते वापरात कळतं. ‘उकाडा छळतो’ हे आपण मे महिन्यात सहज म्हणतो (आणि आपल्या वऱ्हाडात तो छळतोच!). पण ‘उकाड्याने माझा छळ केला’ असं लिहिलं की उकाडा जणू माणूस होतो, वर्ग हसतो. ‘छळ करणे’ म्हटलं की करणारा लागतो आणि त्याचा हेतूही.

ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवलं, ही गोष्ट मुलांना माहीत असते. त्याला मस्करी कोणीच म्हणत नाही. मग वर्गात असं घडलं की आपण तोच शब्द का वापरतो? मस्करीत ज्याची मस्करी होते तोही हसतो, निदान थोड्या वेळाने तरी.

माझ्या वर्गातला एक मुलगा वाचताना अडखळतो. मुलं त्याला ‘गाडी’ म्हणतात. “सर, हे पोट्टे मले मुद्दाम चिडवतेत,” तो म्हणाला. चिडवणाऱ्यांच्या पालकांशी बोललो, तर म्हणाले, “जाऊ द्या ना सर, लेकरं हायेत.” तोवर त्याने प्रकट वाचन सोडलं होतं.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. ते आपण छडीपुरतंच वाचतो. मीही तसंच वाचलं होतं. ‘छळ’ची वाक्यं फळ्यावर लिहिताना आठवलं, जूनमध्ये तो पहिल्यांदा अडखळला तेव्हा “काय रे, गाडी अडकली का?” असं मीच म्हणालो होतो. वर्ग खदखदून हसला होता. माझा हेतू वाईट नव्हता. पण नाव माझंच होतं, मुलांनी ते फक्त उचललं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, मुद्दाम नसंल तं थो छळ नाही ना?” मी म्हटलं, “पहिल्या वेळी नाही.”

तो आता माझ्याजवळ उभा राहून चार ओळी वाचतो. ‘गाडी’ हे नाव मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही.