यंत्राची साक्ष, माणसाची शिक्षा

ब्रिटनमधील पोस्टाच्या संगणक-प्रकरणाची चौकशी करणारे निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. या प्रकरणापायी निदान तेरा माणसांनी आत्महत्या केली असण्याचा संभव आहे, आणि भरपाईस पात्र ठरणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात जाते, असे त्यात नमूद आहे. ही माणसे कोणी दरोडेखोर नव्हती. खेड्यापाड्यांतून व शहरांच्या गल्ल्यांतून तिकिटे विकणारी, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन वाटणारी, जोडीला किराणा मालाचे वा वर्तमानपत्रांचे दुकान चालविणारी ती साधी प्रतिष्ठित माणसे होती. त्यांनी पैसे खाल्ले असे एका यंत्राने सांगितले, आणि इंग्लंडच्या न्यायालयांनी ते खरे मानले. पुराव्याच्या काटेकोरपणाबद्दल ज्यांचा जगभर लौकिक, ज्यांच्या निवाड्यांवर आपल्या वकिलांच्या चार पिढ्या पोसल्या, त्याच न्यायालयांत हे घडले, म्हणून या प्रकरणाकडे परक्याच्या घरची भानगड म्हणून पाहून चालणार नाही.

‘होरायझन’ नावाची ही हिशेबयंत्रणा १९९९ पासून ब्रिटनच्या पोस्ट-कचेऱ्यांत बसविण्यात आली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती व पुढे ती कंपनी जपानच्या फुजित्सूमध्ये विलीन झाली. मुळात ही योजना सरकारी भत्ते कार्डावर देण्यासाठी आखलेली. तो बेत फसला, भत्ते देणारे खाते अंग काढून मोकळे झाले, आणि उरलेली यंत्रणा पोस्टाच्या गळ्यात पडली. तिचा जन्मच असा अशुभ मुहूर्तावर झाला होता. ती कामाला लागताच कचेऱ्याकचेऱ्यांतून हिशेबात तूट दिसू लागली. आज शंभर पौंड, उद्या दोन हजार, आणि त्याचा उगम कोणास सापडेना.

अशी तूट कशी येते, हे डाल्मेलिंग्टन या स्कॉटलंडमधील गावाच्या उदाहरणावरून कळते. तेथील पोस्टचालिकेने २०१५ साली आपल्या कचेरीतून फिरत्या शाखेसाठी आठ हजार पौंड वर्ग केले. पडदा थिजल्यासारखा झाला, म्हणून तिने कळ पुन्हा पुन्हा दाबली. आपल्यापैकी कोणीही हेच केले असते. यंत्राने प्रत्येक दाबागणिक नवा व्यवहार नोंदविला. हातात आठ हजार, यंत्राच्या वहीत बत्तीस हजार. म्हणजे चोवीस हजारांची तूट! त्या बाईंचे दैव चांगले म्हणून दोष उघडकीस आला. पण ज्यांच्या बाबतीत तो उघडकीस आला नाही, त्यांचे काय झाले?

त्यांच्याकडून पैसे मागण्यात आले. हे पोस्टचालक पगारी नोकर नव्हते, कराराने बांधलेले होते. आणि तूट आली तर ती त्यांनी भरून द्यावी, असा त्या कराराचा अर्थ पोस्टाने लावला. हिशेब बरोबर असल्याचे मान्य केल्याखेरीज पुढील मुदतीचे कामकाज सुरू करता येत नसे. म्हणजे यंत्राचा आकडा मान्य करा, नाहीतर दुकान बंद ठेवा! बहुतेकांनी मान्य केला. कोणी दागिने विकले, कोणी घर गहाण टाकले. मग तीच मान्यता ‘खोटा हिशेब लिहिला’ या आरोपाचा पुरावा बनली. चोरीचा आरोप मागे घेतो, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, पैसे भरा आणि यंत्राला दोष देऊ नका, असा सौदा कित्येकांपुढे ठेवण्यात आला. यंत्राविषयी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असेही त्यांना सांगितले जाई. या एका वाक्याने जितकी माणसे मोडली तितकी तुरुंगानेही मोडली नसतील. नऊशेहून अधिक जण गुन्हेगार ठरले. त्यांपैकी बहुसंख्य खटले पोस्टाने स्वतःच चालविले होते. नुकसानीची ओरड करणारा तोच, तपास करणारा तोच आणि फिर्याद चालविणाराही तोच! वेस्ट बायफ्लीट येथील एक भारतीय वंशाची पोस्टचालिका २०१० साली पोटुशी असताना तुरुंगात गेली. ब्रिडलिंग्टनच्या एका पोस्टचालकाने सुमारे पंचवीस हजार पौंडांच्या मागणीविरुद्ध दिवाणी न्यायालयात झुंज दिली. २००७ साली तो हरला आणि तीन लाखांवर खर्चाचा बोजा अंगावर येऊन दिवाळखोर झाला.

न्यायालये इतकी भोळी कशी निघाली? याचे उत्तर कायद्यात आहे. १९८४ च्या इंग्लिश कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये संगणकाचा पुरावा दाखल करणाऱ्यास यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. ही अट व्यापाऱ्यांना व सरकारी वकिलांना जाचक वाटली आणि १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली. त्यानंतर जुनेच गृहीतक लागू झाले : उलट पुरावा येईपर्यंत यंत्र ठीक चालत होते असे मानावे. रस्त्यावरच्या घड्याळाला हे गृहीतक शोभते. घड्याळ चुकले तर शेजारच्या घड्याळावरून कळते. परंतु लाखो ओळींच्या आज्ञावलीवर चालणाऱ्या हिशेबयंत्रणेची चूक एखाद्या खेड्यातील दुकानदाराने कशी शोधावी? तिची कागदपत्रे कंपनीच्या कपाटात, तिचे जाणकार कंपनीच्या पगारावर. ज्या साली होरायझन बसू लागले त्याच साली हे संरक्षण काढून घेण्यात आले, हा योगायोग आम्हाला मोठा क्रूर वाटतो.

पुढची हकीकत आता सर्वज्ञात आहे. वेल्समधील लॅंडडनोचे ॲलन बेट्स यांनी २००३ साली आपले पोस्ट गमावल्यापासून हा लढा सोडला नाही. ‘कॉम्प्युटर वीकली’ या व्यावसायिक नियतकालिकाने २००९ साली प्रकरणास तोंड फोडले. मोठ्या वर्तमानपत्रांना जाग यायला त्यानंतरही बराच काळ लागला, हे आमच्या व्यवसायबंधूंना भूषणावह नाही. अखेर ५५५ पोस्टचालकांच्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते, त्यांनी हिशेबात तूट येऊ शकत होती, आणि फुजित्सूचे लोक पोस्टचालकाच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबात बदल करू शकत होते. असे करता येतच नाही, हे पोस्ट वर्षानुवर्षे सांगत आले होते. पोस्टाच्या भूमिकेची तुलना न्यायमूर्तींनी पृथ्वी सपाट आहे असे म्हणणाऱ्यांशी केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने एका दिवसात ३९ जणांची शिक्षा रद्द केली. पण सरसकट सुटका व्हायला जानेवारी २०२४ मधील एक दूरचित्रवाणी-मालिका लागली. तिने लोक खवळले, आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसून टाकल्या.

या साऱ्यात यंत्राला शिव्या देण्यात अर्थ नाही. हिशेबाच्या यंत्रात चुका राहतातच, जशा मुनिमाच्या खतावणीत राहत. प्रश्न असा आहे की चुकीची किंमत कोणी भरावयाची? व्यापारी संस्था संगणक आणते ती काम वेगाने व्हावे, माणसे कमी लागावीत आणि नफा वाढावा म्हणून. त्यात गैर काही नाही. मात्र लाभ संस्थेचा आणि दोषाचे नुकसान समोरच्या दुबळ्या माणसाचे, अशी वाटणी करार व कायदा यांच्या जोरावर केली गेली, की मग ती यंत्राची चूक न राहता मालकाचा अन्याय ठरतो.

आपल्याकडे संगणकाचा वाद झाला तो निराळ्याच मुद्द्यावर. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्यात गणकयंत्र आणावयाचे ठरविले तेव्हा कर्मचारी खडा पहारा देऊन उभे राहिले, पुढे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९७२ साली स्वयंचलनावर अहवाल दिला; १९८४ साली रंगराजन समितीने बँकांना मार्ग आखून दिला. त्या सर्व वादात पोटाचा प्रश्न अग्रभागी होता, आणि तो खराही होता. पण यंत्र आणि माणूस यांचे म्हणणे परस्परविरुद्ध पडले तर कोणाचे खरे धरावे, हा प्रश्न मागेच राहिला.

गंमत अशी की आपल्या जुन्या कायद्याला हा प्रश्न ठाऊक होता. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ३४ वे कलम असे की, हिशेबाच्या वहीतील नोंद ही पुरावा म्हणून चालेल, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येणार नाही. सावकाराच्या चोपडीचा तो काळ. चोपडी सावकाराची, लेखणीही सावकाराची, हे त्या कायदेकारांनी ओळखले होते. सुदैवाने २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २८ व्या कलमात ही तरतूद कायम आहे आणि संगणकातील वह्यांनाही ती लागू आहे. संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी ठणकावले. नव्या अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने तर यंत्राच्या चालकाखेरीज तज्ज्ञाचीही सही मागितली आहे. एवढ्यापुरते आपण इंग्लंडच्या पुढे आहोत असे म्हणावयास हरकत नाही. परंतु प्रमाणपत्र छापील नमुन्यात भरून देणे ही एक गोष्ट, आणि यंत्रणेत कोणते दोष आढळले होते हे सांगणे ही दुसरी. पहिलीने दुसरीची जागा घेतली तर होरायझनची पुनरावृत्ती येथेही अशक्य नाही.

यंत्राला फसविता येते, हे पुण्याने तर डोळ्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरांनी दोन दिवसांच्या कारवाईत लांबविले. बँकेची खरी यंत्रणा बाजूला सारून बनावट यंत्रणा ‘पैसे द्या’ असे सांगत राहिली आणि देशोदेशींची एटीएम पैसे देत राहिली. त्या वेळी यंत्र फसले हे सर्वांनी तत्काळ मान्य केले. कारण पैसे बँकेचे गेले होते. खातेदाराचे पैसे जातात तेव्हा मात्र पहिला प्रश्न येतो, ‘ओटीपी तुम्हीच कोणाला दिला असेल?’ कित्येकदा तो दिलेलाही असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण विचारण्याचा क्रम पाहा! रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात खातेदाराची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला, तो याच कारणाने. तत्त्व उत्तम आहे. ते शाखेतील काउंटरपर्यंत किती पोहोचले, याचा अनुभव वाचकांनीच सांगावा.

बँकेच्या खातेदारापाशी निदान पासबुक असते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जेवण पोहोचविणाऱ्या तरुणापाशी तेवढेही नाही. त्याला काम देणारे, त्याची मजुरी ठरविणारे, त्याला गुण देणारे यंत्रच. आणि एके सकाळी ‘आयडी बंद’ असे सांगणारेही यंत्रच. कारण विचारावयाचे कोणाला? कर्नाटकाने २०२५ च्या कायद्याने अशा कामगारास लेखी कारण व पूर्वसूचना देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्या कायद्याचा बारकाईने अभ्यास करावा, अशी आमची सूचना आहे.

खुद्द ब्रिटनच्या न्यायखात्याने जानेवारी २०२५ मध्ये, यंत्र बिनचूक मानण्याच्या गृहीतकाचा फेरविचार करावा काय, म्हणून मते मागविली. आपल्याकडील वकील संघटनांनी आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी तेथे काय ठरते याची वाट पाहत बसू नये. जी संस्था आपल्या संगणकाच्या नोंदीवरून कोणाकडून पैसे मागते किंवा कोणाचे काम काढून घेते, तिने त्या संगणकाच्या ज्ञात दोषांची यादी समोरच्या पक्षास दाखविलीच पाहिजे, अशी मागणी त्यांनी आताच करावी. ही यादी बहुधा प्रत्येक कंपनीपाशी असते. फुजित्सूपाशीही होती. होरायझनमध्ये आढळलेल्या दोषांची नोंद तिचे कर्मचारी नियमाने करीत होते. आणि त्याच काळात, तूट तुमच्याच हातून आली, असे पोस्टचालकांना न्यायालयात सांगितले जात होते.