बियर कुठे प्यायची? आधी परत कसं यायचं ते सांगा!

मित्रमैत्रिणींनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं भांडण आहे, तेव्हा सांभाळून घ्या. आणि सर, मॅडम, मथळा वाचून पान उलटू नका. शेवटी तुमच्यासाठीही एक विनंती आहे.

सबमिशन संपलं की आमच्या होस्टेलवर एकच प्रश्न असतो, "कुठे बसायचं?" 'बसणं' ह्या साध्यासुध्या क्रियापदाचा खरा अर्थ मला इथे आल्यावर कळला! त्यात हल्ली बाटलीतली बियर चालत नाही. क्राफ्ट बियर पाहिजे, म्हणजे जिथे बनते तिथेच ताजी प्यायची. आणि इथेच आपल्या खडकीचं घोडं अडतं. पुण्याच्या ह्या उत्तर टोकाला लष्कराच्या भिंती आहेत, अॅम्युनिशन फॅक्टरी आहे, बाजारात फर्स्टक्लास चहा आहे. क्राफ्ट बियरसाठी मात्र शहर ओलांडून मुंढवा नाहीतर कोरेगाव पार्क गाठावं लागतं.

गंमत म्हणजे एके काळी हे उलटं होतं. ओल्ड मंक ज्या मोहन मीकिन कंपनीची, तिचा एक पूर्वज एच. जी. मीकिन नावाचा इंग्रज. त्याने एकोणिसाव्या शतकात सिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअरी विकत घेतल्या आणि रानीखेत, डलहौसी, दार्जिलिंगबरोबर किर्कीलाही, म्हणजे आपल्या खडकीतही, बियर बनवायला सुरुवात केली. 1817 च्या लढाईनंतर इथे गोऱ्या सैनिकांची छावणी बसली होती, त्यांना बियर लागायचीच. म्हणजे 'जिथे बनते तिथेच प्या' हे खडकीला आपल्या पणजोबांच्या आधीपासून माहीत होतं!

नव्या जमान्याची सुरुवातही पुण्यातच झाली. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 मध्ये इथल्या कोरिंथियन्स क्लबमध्ये निघाली. नाव 'डूलाली'. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि डोक्याने कामातून जायचे. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा. पुढे 'डूलाली'ने मुंबईत बस्तान बसवलं आणि पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट अशी नवी नावं आली.

बियर बनवणं हे तर आपलंच काम आहे. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले की त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्टच्या स्वाधीन करायचं. तापमान थोडं चुकलं तरी चव बिघडते. केमिकलवाल्यांनी हे बघायला जरूर जावं. माझा त्याला अजिबात विरोध नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. परत कसं यायचं?

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. माझा रूम पार्टनर आणि आणखी दोघं 'ट्रीट'ला गेले. बाईक एक, माणसं तीन. होस्टेलचं गेट साडेदहाला बंद होतं. दहा वाजून गेले म्हणून बाईक दामटली आणि होळकर पुलाच्या अलीकडे तिघंही रस्त्यावर! मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. त्याचं मनगट मोडलं. रेक्टरना सांगितलं, "सर, कुत्रं आडवं आलं." घरीही तेच सांगितलं. प्लास्टरमधल्या हाताने त्याने व्हायवा दिली. आणि ते कुत्र्याचं खोटं पाठ करून घ्यायला मी त्याला मदत केली. ते मला अजून टोचतं.

नंतर मी बसून गणित केलं. अर्धा लिटरचा एक मग, 5 टक्के अल्कोहोल. म्हणजे 25 मिलिलिटर, वजनात साधारण 20 ग्रॅम. साठ किलोच्या मुलाच्या रक्तात ते ढोबळमानाने 100 मिलिलिटरला 45 ते 50 मिलिग्रॅम होतं. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा 30! म्हणजे "एकच घेतली रे" म्हणणारा आपला हिरोसुद्धा किक मारतो तेव्हा कायद्याने गुन्हेगार असतो. पूर्ण उतरायला तीनेक तास लागतात. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ ह्याने तो आकडा खाली येत नाही.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सतरा वर्षांचा मुलगा पबमधून निघाला, आणि त्याच्या भरधाव गाडीखाली दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनियर गेले. आपण तेव्हा मोठ्या बापाच्या पोराला भरपूर शिव्या दिल्या. पण आपली ट्रिपल सीट कोणाच्या अंगावर गेली असती तर? गाडी स्वस्त असली म्हणून मेलेला माणूस कमी मरत नाही.

आता माझं स्वतःचं. मी वीस वर्षांचा आहे. महाराष्ट्रात सौम्य बियरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. तेव्हा 'कुठे प्यायची' ह्याचं माझ्यापुरतं उत्तर 'अजून कुठेच नाही' असं आहे. हसा खुशाल! मागच्या वेळी बाकीचे हसले तेव्हा मी चहाच प्यायलो, आणि मित्राला दवाखान्यात नेण्याच्या वेळी शुद्धीवर मीच होतो.

ज्यांची एकवीस पूर्ण झाली आहेत, त्यांनी बाईक होस्टेलवरच ठेवून जावं. आता खडकीला मेट्रो आहे. नाहीतर चौघांनी मिळून रिक्षा करावी. तीनशेचा मग परवडतो त्याला रिक्षाचा वाटाही परवडतो.

आणि रेक्टर सर, ही तुम्हाला विनंती. गेट साडेदहालाच बंद करा, पण फोन करून, रिक्षाने, उशिरा आलेल्या मुलाला आत घ्या. जे काय बोलायचं ते सकाळी बोला, दंड लावा, घरी कळवा. पण गेट गाठायच्या भीतीने कोणी होळकर पुलावर ऐंशीने गाडी हाणू नये. तुमची बोलणी आम्ही खाऊ, सर. ते कुत्रं दर वेळी आम्हाला वाचवणार नाही.